पांढरा शर्ट, काळा बिल्ला आणि ‘फाल्यां येयात’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती धर्माचा कोणीही नवखा प्रचारक दिसला की त्याला ‘बिलीव्हर’ (नव्या ख्रिस्ती पंथांतला) म्हणून मोकळे होण्याची सवय गोव्याला लागली आहे. हिंदू घरांत तर पाद्री, ब्रदर, बिलीव्हर, जेहोवावाले हे सगळे एकाच डब्यात जातात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळा बिल्ला आणि शेजारी अगदी तसाच दुसरा मुलगा, अशी जोडी दिसली की ‘हे हेर असावेत’ इथपर्यंत तर्क धावतात. अलीकडे हा प्रश्न फोनवरून येऊ लागला आहे. पोर्तुगीज पासपोर्ट काढून लिस्बनला किंवा इंग्लंडात स्विंडनला गेलेली, शिकायला अमेरिकेत गेलेली आपली मुले घरी विचारतात की फुकट इंग्रजी शिकवतो म्हणणारे हे दोघे कोण, यांना खोलीवर येऊ द्यावे का. याचे उत्तर त्या दोघांचा आठवडा समजून घेतला की आपोआप मिळते. त्यांच्या वागण्यात जे खटकते ते बरेचसे त्यांच्या वेळापत्रकातून आलेले असते.

आधी ओळख. हे मॉर्मन, म्हणजे जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या आणि आज युटातील सॉल्ट लेक सिटीत मुख्यालय असलेल्या चर्चचे प्रचारक. ‘मॉर्मन’ हे नाव वापरू नये असे त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये बजावले होते. वाचकांना तेच ओळखीचे म्हणून आम्ही ते वापरतो, एवढे त्यांनी चालवून घ्यावे. बिल्ल्यावर ‘एल्डर’ असते ते नाव नव्हे, पद आहे. ‘एल्डर’ म्हणजे वडीलधारा, आणि बिल्ला लावणारा असतो अठरा-एकोणीस वर्षांचा! मुलींच्या बिल्ल्यावर ‘सिस्टर’ असते, पण त्या नन नव्हेत. मुदत संपली की घरी जाऊन कॉलेज करतात, लग्न करतात. मुलगे २४ महिने जातात, मुली १८ महिने. मुलग्यांचे किमान वय १९ होते, ते २०१२ मध्ये १८ केले गेले. जगभर असे ७० हजारांहून अधिक प्रचारक एका वेळी कामावर असतात.

पगार मिळतो का, हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. मिळत नाही, उलट भरावा लागतो. अमेरिकेसारख्या देशांतल्या प्रचारकाच्या घरून २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर घेतले जातात, आधी ४०० होते. टोकियोला जा नाहीतर बोलिव्हियाला, रक्कम तीच. गरीब देशांतल्या मुलांना कमी भरावे लागते आणि बाकीचा भार चर्च उचलते. कुठे जायचे हे मुलगा ठरवत नाही. डॉक्टरची, दातांची तपासणी होते (अक्कलदाढ त्रास देणारी असेल तर जाण्याआधीच काढून टाकतात), स्थानिक पुढाऱ्यांच्या मुलाखती होतात आणि मग वरून नेमणूक येते. प्रशिक्षण भाषा येत असेल तर तीनेक आठवडे, नवी शिकायची असेल तर सहा किंवा नऊ. सहा आठवड्यांच्या पोर्तुगीजवर दारोदार बोलायला निघणे म्हणजे काय, याची कल्पना गोव्यातल्या माणसाला सहज येईल. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि मराठी ओव्या रचण्याइतका तिच्यात मुरला. त्याच्यापाशी वर्षे होती. या पोरांपाशी दोन वर्षे असतात आणि त्यातही दर काही महिन्यांनी गाव बदलते.

त्यांचा आठवडा सोमवारपासून मोजावा, कारण बहुतेक ठिकाणी सोमवार हा ‘तयारीचा दिवस’ असतो. सुट्टी म्हणा, पण पुरी नव्हे, संध्याकाळी पुन्हा कामाला लागायचे असते. कपडे धुणे, आठवड्याचा बाजार, केस कापणे, खोली झाडणे, मिशनच्या (म्हणजे प्रचाराच्या विभागाच्या) अध्यक्षाला साप्ताहिक पत्र आणि घरी फोन एवढे सगळे त्यातच बसवायचे. घरी फोन वर्षातून फक्त दोनदा, नाताळाला आणि मदर्स डेला करता यायचा. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो. आमच्या मते गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत शहाणपणाचा बदल. सोबत आठ-दहा शर्ट, दोन सूट आणि चालायचे दोन जोड बूट असतात. दमट हवेत शर्टाची कॉलर आधी पिवळी पडते, बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजते, पावसाळी गावात जोड वाळत नाही आणि मग पायाला फोड येतात. म्हणून मिशनवरून आलेले मुलगे नव्याला पहिला सल्ला बुटांचा देतात. सोमवारी फुटबॉल खेळता येतो, डोंगर चढता येतो. पोहायला मात्र सक्त मनाई आहे. समुद्रकाठच्या गावात नेमणूक झाली तरी पाण्यात उतरायचे नाही. गोंयच्या पोराला हा नियम बाकी सगळ्यांहून जड जाईल.

मंगळवारपासून घड्याळ सुरू. सकाळी साडेसहाला उठायचे, अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ आणि न्याहारी. आठला एकट्याने धर्मग्रंथाचा अभ्यास, नऊला जोडीदाराबरोबर, नवी भाषा असेल तर तिला वेगळा वेळ. दहाच्या सुमारास बाहेर. रात्री नऊला, एखाद्या घरी शिकवणे चालू असेल तर साडेनऊला परत, उद्याचा आराखडा आणि साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून देशादेशांच्या रिवाजाप्रमाणे या वेळा थोड्या मागेपुढे करायची मुभा आहे. दुपारी सगळे गाव झोपत असेल तर तेव्हा दारे ठोठावण्यात अर्थ नाही, हे त्यांनाही कळले असावे.

या सगळ्यात सर्वांत अवघड असते ते जोडीदाराबरोबर राहणे. दोघांनी सतत एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचे. न्हाणीघर सोडून एकटेपणा नाही. जोडीदार निवडता येत नाही, भांडण झाले म्हणून बदलून मिळत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा हुकूम येतो. त्यात कोणी दोन बॅगा उचलून दुसऱ्या गावी जातो, कोणी तिथेच राहतो आणि त्याला नवा जोडीदार मिळतो. नव्या मुलाला पहिले बारा आठवडे, म्हणजे अशा दोन फेऱ्या, एका अनुभवी मुलाच्या हाताखाली काढाव्या लागतात. घरची आठवण सर्वांत जास्त या दिवसांत छळते. खटके उडतात ते धर्मावरून नव्हेत. भांडी कोणी घासायची, सकाळी गजर वाजल्यावर कोण लोळतो, चालताना कोण पुढे पळतो, असल्या गोष्टींवरून. म्हणून आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून मनातले सांगायचे, असा नियमच आहे. ज्यांना हे झेपत नाही ते मुदतीआधी परततात. तब्येतीमुळे परतलेल्या मुलालाही गावात कुजबुज ऐकावी लागते. घरी राहून सेवा करण्याचा पर्याय आता आहे, पण कुजबुज काही थांबलेली नाही. आपल्याकडे सेमिनरी (पाद्री होण्याचे विद्यालय) सोडून आलेल्या मुलाला काय वाट्याला येते ते सासष्टीतल्या वाचकांना ठाऊक आहे.

कामाची आखणी आठवड्यातून एकदा दोन-तीन तास बसून होते. पूर्वी कागदी डायरी आणि जाडजूड फाइल असे, आता फोनमधले ॲप आहे. कोणाला भेटलो, काय शिकवले, पुढची भेट कधी, रविवारी आला का, हे सगळे त्यात नोंदले जाते आणि बदलून येणाऱ्या पुढच्या जोडीच्या हाती जाते. दिवसाच्या प्रत्येक तासाला एक बेत आणि तो फसला तर दुसरा, अशी आखणी करायची असते. कारण फसणे हाच नियम! सहा भेटी ठरल्या तर संध्याकाळपर्यंत त्यातल्या कितीतरी गळतात. कोणी घरी नाही, कोणी दार उघडत नाही, कोणाचा नवरा आतून ‘नाही म्हणून सांग’ म्हणतो. दारोदार फिरणे हे मुळात उरलेला वेळ भरण्याचे काम आहे. खरे फळ येते ते चर्चच्या सदस्याने आपल्या ओळखीच्या माणसाला बोलावले तर, आणि हे प्रचारकांच्या मार्गदर्शक पुस्तकातही लिहिलेले आहे.

नेमकी इथेच आपली गोंयकारी भीड आड येते. नाही म्हणणे आपल्याला जमत नाही. ‘फाल्यां येयात’ (उद्या या), ‘बघू या हो’, ‘चतुर्थी होऊन जाऊ दे’ असे आपण म्हणतो आणि आपल्या लेखी विषय संपतो. समोरचा मुलगा मात्र ॲपमध्ये उद्याची वेळ टाकतो. तो उद्या येतो, परवा येतो, चतुर्थी संपल्यावरही येतो, आणि मग आपण चिडून म्हणतो, ‘पाठच सोडत नाहीत!’ त्याच्या दृष्टीने तो बोलावलेल्या घरी आलेला असतो. नको असेल तर ‘आम्हाला रस नाही, पुन्हा येऊ नका, आमचे नाव नोंदले असेल तर काढून टाका’ ही तीन वाक्ये पुरेत. त्यात उद्धटपणा काही नाही. उलट त्याचा एक तास वाचतो. लिस्बनच्या किंवा स्विंडनच्या मुलांनाही हेच सांगावे. नंबर देऊन मग ब्लॉक करण्यापेक्षा हे बरे.

दर आठवड्याला मुलांचा जिल्हाप्रमुख (हाही असाच विशीतला प्रचारक) चार-आठ जणांची बैठक घेतो आणि आकडे वर जातात: नव्याने शिकू लागलेले किती, रविवारच्या सभेला आलेले किती, बाप्तिस्म्याची तारीख ठरलेले किती, बाप्तिस्मा झालेले किती. या आकड्यांचा दट्ट्या हा या पद्धतीचा सर्वांत कच्चा दुवा, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिकवण्याचे धडे मोजके, एकेक तीस ते पंचेचाळीस मिनिटांचा. प्रत्येक धड्याच्या शेवटी काहीतरी ‘कराल का?’ असे विचारायचे असते: हे पान वाचाल का, प्रार्थना कराल का, रविवारी याल का. आणि बाप्तिस्म्याची तारीख दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच पुढे केली जाऊ शकते. आपल्याकडच्या कॅथलिक घरांत मुलांचे दोतोर्न (धर्मशिक्षण) वर्षानुवर्षे चालते, आणि वयाने मोठ्या माणसाला चर्चमध्ये यायचे तर तयारीत कित्येक महिने जाऊन साधारण ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा होतो. त्या पार्श्वभूमीवर दोन-तीन आठवड्यांची ही घाई डोळ्यात भरते. मग ज्याने शिकवले तो मुलगा पुढच्या एखाद्या बदलीत निघून जातो आणि नवा सदस्य अनोळखी लोकांत एकटा पडतो. नव्या सदस्यांची रविवारची हजेरी आता मुद्दाम मोजली जाते, म्हणजे दुखणे त्यांनाही माहीत आहे.

घाई असली तरी अटी सैल नाहीत. वय निदान आठ वर्षे हवे. अल्पवयीन मुलासाठी पालकांची संमती लागते, विवाहितासाठी जोडीदाराची. शिकवणारा स्वतः पात्रता तपासत नाही. त्याच्या बाहेरचा, बहुधा जिल्हाप्रमुख, एकांतात मुलाखत घेतो. दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी सोडावी लागते, लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना आधी लग्न करावे लागते, उत्पन्नाचा दहावा भाग द्यायची तयारी लागते. पाणी डोक्यावर शिंपडून भागत नाही. पांढरे कपडे घालून पाण्यात पूर्ण बुडवतात, बाजूला दोन साक्षीदार उभे असतात. पायाचा अंगठा किंवा केसांची बट वर राहिली, किंवा ठरलेल्या प्रार्थनेतला एखादा शब्द चुकला, तर पुन्हा बुडवतात. गोव्यातल्या कॅथलिक वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मॉर्मन मंडळी कॅथलिक बाप्तिस्मा मानत नाहीत, आणि मॉर्मन बाप्तिस्मा वैध नाही असे व्हॅटिकननेही २००१ मध्ये जाहीर केले आहे. ‘एकच ख्रिस्त, फरक काय पडतो’ असे म्हणत दोन्हीकडे पाय ठेवता येत नाही.

रविवार कामाचाच. सभा दोन तासांची, २०१९ च्या आधी तीन तासांची होती. पाव आणि पाणी वाटले जाते, वाइन नाही. पगारी पाद्री नाही. व्यासपीठावर बँकेत नोकरी करणारा बोलेल नाहीतर एखादी गृहिणी. ज्यांनी येण्याचे कबूल केले त्यांची वाट पाहत ही जोडी दाराशी उभी असते आणि बहुधा निराश होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ओळीने दोन जेवणांचा उपास. वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी द्यायचे असतात. जेवणाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो: घरभाडे मिशन परस्पर भरते आणि खाण्यापिण्याला कार्डावर महिन्याची ठराविक रक्कम येते. पहिल्या दोन आठवड्यांत ती उडवणाऱ्याला शेवटचे दिवस भात आणि नूडल्सवर काढावे लागतात. त्यामुळे सदस्यांच्या घरचे जेवणाचे आमंत्रण ही मोठी गोष्ट असते.

आठवड्यात उरते ते सेवेचे काम: कोणाचे सामान हलवणे, बाग साफ करणे, फुकट इंग्रजीचे वर्ग. या वर्गांबद्दल मुले विचारतात. वर्ग खरे असतात, पैसे खरोखरच घेत नाहीत, आणि वर्गाला आलात म्हणून धडा ऐकायलाच हवा असे नाही. पण वर्ग सुरू होताना किंवा संपताना छोटी प्रार्थना होईल आणि मागाहून आमंत्रणही येईल. ते ठाऊक असताना इंग्रजी किंवा पोर्तुगीज सुधारत असेल तर खुशाल जावे.

आता आपल्या भूमीकडे. मॉर्मन प्रचारक भारताला नवे नाहीत. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला, तिथून पुण्याला गेला. छावणीतल्या लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला थारा दिला नाही, आणि त्या दशकाच्या मध्यापर्यंत ही मंडळी निघून गेली. आज बेंगळुरूला १९९३ पासून आणि नवी दिल्लीला २००७ पासून त्यांचे मिशन आहे. हैदराबादला २०१२ मध्ये देशातला पहिला ‘स्टेक’, म्हणजे मोठा विभाग, झाला. इथे प्रचारक दिसलाच तर तो निळ्या डोळ्यांचा अमेरिकन असेल असे धरून चालू नये. भारतातल्या मिशनांत बहुतांशी भारतीय तरुणच काम करतात, कारण परदेशी माणसाला मिशनरी व्हिसा सहजी मिळत नाही. टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला चर्चमध्ये प्रार्थनेला बसता येते, पण धर्माचे भाषण करणे, पत्रके वाटणे किंवा धर्मांतराचा प्रचार करणे चालत नाही. कळंगुटला सुट्टीवर आलेला एखादा मॉर्मन विद्यार्थी पांढऱ्या शर्टात दिसला तर तो प्रचारक असेलच असेही नाही. भारतीय नागरिकाला घटनेच्या २५व्या कलमाने धर्मप्रचाराचा हक्क आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले आहे. या दोन वाक्यांच्या मधली जागा अरुंद आहे, आणि बातमी लिहिताना तिथेच जपून शब्द वापरावे लागतात.

म्हणून वार्ताहरांना एक विनंती. ‘बिलीव्हर’ हा शब्द सरसकट वापरू नका. आपल्याकडे तो ज्या पंथांना लावतात त्यांच्याकडे मोठ्या आवाजातली प्रार्थना, आजार बरे करण्याच्या सभा, अनोळखी भाषेत बोलणे असे प्रकार असतात. मॉर्मन सभेत यातले काहीच नसते, ती कंटाळवाणी वाटावी इतकी शांत असते. जेहोवाचे साक्षीदार निराळे. ते मासिके घेऊन बहुधा घरच्या माणसांसह येतात आणि नाताळ पाळत नाहीत, मॉर्मन पाळतात. आणि बहुपत्नीत्वाचा विषय काढायचा असेल तर चर्चने ते १८९० मध्ये सोडल्याचे जाहीर केले, हेही त्याच बातमीत यावे. त्यांच्या शिकवणुकीशी वाद घालायला जागा पुष्कळ आहे. पण तो वाद अठरा वर्षांच्या पोराशी बाल्कांवात (ओसरीवर) घालून उपयोग नाही. त्याला बदलीसुद्धा मागता येत नाही, मग सिद्धांत बदलणे दूरच. ज्यांना खरोखर बोलायचे असेल त्यांनी रविवारच्या सभेनंतर स्थानिक शाखाप्रमुखाला गाठावे.

शेवटचे पाहुणचाराबद्दल. स्विंडनच्या खोलीत असो की म्हापशाच्या घरात, या मुलांना चहा देऊन ‘घ्या हो, थोडासा’ म्हणून आग्रह करू नये. ते नाही म्हणतील आणि दोन्हीकडे संकोच होईल. चहापूड न घालता केलेला गवती चहा चालतो, कोकम सरबत चालते, सोलकढी चालते. मासे-मटण वर्ज्य नाही. जेवायला बोलावणार असाल तर आधी विचारा की तो महिन्याचा पहिला रविवार तर नाही ना. आणि घरात बाईमाणूस एकटीच असेल तर ते आत येणार नाहीत, पायरीवरच बोलतील. तो त्यांचा नियम आहे, अपमान समजू नये. पाण्याचा तांब्या तिथेच न्यावा.

आपले विश्वासू,
धर्मविषयांचे वाचन करणारे तिघे वाचक,
फोंडा व म्हापसा